सब्र करा, पण गप्प राहू नका

आमच्या रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तेही १८८६ सालापासून. इतकी जुनी आणि उपयोगाची संस्था दाराशी असूनही तिचं नाव आपण बहुतेक वेळा चेष्टेतच घेतो. कुणी दोनदा एकच गोष्ट विसरला की ‘याला तिकडे दाखवा’ म्हणायचं आणि हसायचं. त्यामुळे माणूस एकतर ‘ठीक’ असतो, नाहीतर ‘वेडा’, असं आपल्या मनात बसलं आहे. मधल्या रोजच्या ताणाची कुणी दखलच घेत नाही.

हा ताण कसा असतो? ज्या घरातला कर्ता आखातात आहे ते घर पाहा. सौदीतला माणूस ड्युटी संपवून, जेवून रात्री दहाला फोन करतो तेव्हा इथे साडेबारा वाजलेले असतात. बोलणं संपेपर्यंत एक. पहाटे फजरला उठायचं, मग मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधं, बँक, लाईटबिल. अशी झोप महिनोन्‌महिने तुटत राहते. त्या बाईला कुणी ‘दमलीस का?’ विचारत नाही, कारण पैसे तर वेळेवर येतात! आणि तिकडे आठ जणांच्या खोलीत राहणारा तो, नोकरी टिकेल की नाही ही काळजी घरी सांगत नाही.

मिरकरवाड्याच्या बाजूला दुसरं चित्र. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. नेमकी जूनमध्येच शाळा सुरू होते. वह्या, गणवेश, छत्री, फी सगळं एकदम, आणि कमाई शून्य.

शिक्षक म्हणून पालकसभेत मला हा ताण दिसतो, पण वेगळ्या नावाने. ‘कशा आहात?’ विचारलं की उत्तर येतं, ‘अल्हम्दुलिल्लाह, बरं आहे.’ पाच मिनिटांनी कळतं की डोकं रोज दुखतं, पित्त होतं, छातीत धडधडतं आणि मुलावर उगाच हात उगारला जातो. मुलं तरी वेगळी कुठे? परीक्षेच्या सकाळी पोट दुखणारी मुलं सगळीच नाटकं करत नसतात.

यात गूढ काही नाही. संकट दिसलं की काळजाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, पचन मंदावतं. कुत्रा मागे लागला तर हे उपयोगाचं आहे. कुत्रा निघून जातो, शरीर शांत होतं. पण कर्जाचा हप्ता निघून जात नाही. मग शरीर सावधच राहतं आणि थकतं. झोप न लागणं, चिडचिड, विसरभोळेपणा, नको तेव्हा रडू येणं, माणसं नकोशी वाटणं ही त्याची खूण. छातीत दुखत असेल तर मात्र ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, ‘सब्र करा.’ सल्ला योग्य आहे, अर्थ मात्र आपण अर्धाच घेतो. हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांच्या सब्राला कुरआनात सुंदर सब्र म्हटलं आहे. त्याच याकूबांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे पडले, हेही तिथेच आहे. त्यांचं रडणं सब्राच्या आड आलं नाही. आणि दहाव्या शतकातले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. मनालाही उपचार लागतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडलं. ते सोडून आपण प्रत्येक धडधडीला नजर किंवा जिन्न म्हणायचं का? दुआ जरूर करावी, औषधही घ्यावं.

रोजच्या ताणावर उपाय साधे आहेत. फोनची वेळ नवरा-बायकोने मिळून ठरवावी. रोज एक तास नको, अर्धा चालेल, पण झोप मोडू नये. जूनचा खर्च मार्च-एप्रिलपासून थोडा थोडा बाजूला काढावा. डोक्यात फिरणारी कामं कागदावर लिहावीत. रोज अर्धा तास चालावं. आणि एका तरी माणसाशी खरं बोलावं.

दोन आठवडे होऊनही उदासी हटत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं असेल, तर वाट पाहू नये. १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’ क्रमांक आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवणं म्हणजे दाखल होणं नव्हे, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगायला हवं.

आपल्या गावोगावच्या जमाती गरिबांच्या फीची, रेशनची, मय्यतीची काळजी घेतात. माझी त्यांना विनंती आहे, वर्षातून दोनदा तिथल्याच एखाद्या डॉक्टरांना बोलवा. एक बैठक बायकांची, एक पुरुषांची. भाषण थोडं, प्रश्न जास्त. खर्च चहाचा. आखातातून सुट्टीवर आलेल्यांनाही त्यात आग्रहाने बसवा. वर्षानुवर्षं त्यांनीही ‘बरं आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.