सुजलेला पाय, हलका हात
दुखलं की जोरात रगडायचं, ही आपली सवय. हत्तीपायाला मात्र रगडणं मानवत नाही. सीमाभागातल्या बिदर-कलबुर्गी जिल्ह्यांत हत्तीरोगाचा उपद्रव जुना. डासांवाटे शिरलेले कृमी लसिकावाहिन्या निकामी करतात आणि पाय वर्षानुवर्षं फुगत जातो. केरळात कासरगोडला डॉ. एस. आर. नरहरी यांच्या संस्थेने यावर आयुर्वेद, योग आणि आधुनिक वैद्यकाची सांगड घातली आणि कलबुर्गी जिल्ह्यातही हे उपचार नेले. रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या, श्वसनाचे व्यायाम करायचे. मालीश करताना आधी जांघेजवळची लसिकेची वाट मोकळी करायची, मग फक्त कातडी सरकेल इतक्या हलक्या हाताने वरच्या दिशेने जायचं, शेवटी पट्टी बांधायची. पाय अगदी पूर्ववत होईल असं नाही. पण सूज उतरते, वरचेवर येणारा ताप कमी होतो, आणि अंथरूण धरलेल्या बाईला हे थोडं नाही. पाय लाल, गरम असेल किंवा ताप असेल तेव्हा मालीश मुळीच नको. घरात कुणाचा पाय सुजत असेल तर तो लुगड्याआड झाकू नका. आशाताईंना दाखवा, आरोग्य केंद्रात न्या.