रोजकीर्द फाटली म्हणून पेढी जाळायची?

संगणक बिघडला की आपल्याकडे एकच मंत्र म्हणतात : "फॉर्मॅट मारा." माझं या मंत्राशी हाडवैर आहे. औषध द्यायला बोलावलं तर रोग्याला न्हाऊमाखू घालून थेट स्मशानात पोचवणारा वैद्य आणि हा मंत्र देणारा तज्ज्ञ, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आमच्या सोनाळ्याचंच उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. वारा सुटला की वीज जाते, आणि निरोप न घेता जाते. अशीच ती गेली तेव्हा आमचे शेजारी, निवृत्त गुरुजी, संगणकात ओव्या साठवत बसले होते. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं टिपलेल्या, जात्यावरच्या ओव्या. त्या गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आता नाहीत. वीज आली, पण डिस्क उघडेना. पडद्यावर इंग्रजीत तक्रार : जर्नल खराब आहे. गुरुजी ती घेऊन तालुक्याला गेले.

"काही नाई गुर्जी, फॉर्मॅट मारून देतो. डिस्क झ्याक चालन."

"अन् आतल्या ओव्या?"

"त्या जातीन. पण डिस्क वाचन ना!"

मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. पण 'जर्नल' म्हटल्यावर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. जर्नल म्हणजे आमची रोजकीर्द! इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात स्मरणवही, रोजकीर्द आणि खतावणी अशा तीन वह्या सांगितल्या. संगणकवाल्यांनी त्यातलीच मधली उचलली. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ती १९९३ पासून आहे, लिनक्सच्या एक्स्ट-थ्रीमध्ये २००१ च्या सुमारास आली. डिस्कवरच्या नोंदी बदलण्याआधी यंत्र 'असं असं करणार आहे' म्हणून जर्नलमध्ये टिपतं, मग मूळ जागी लिहितं. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ते जर्नल वाचतं, पुरी झालेली नोंद अमलात आणतं, अर्धवट सोडून देतं. जर्नलच बिघडलं तर मात्र ते भेदरतं आणि दारच उघडत नाही.

पण त्या जर्नलमध्ये नेहमीच्या मांडणीत ओव्या नसतातच हो! असतात त्या फक्त फाइलींच्या नावागावाच्या नोंदी. ओव्या आपल्या जागी शाबूत. रोजकीर्दीचं पान फाटलं म्हणून कोणी खतावणीसकट तिजोरी जाळतो का? आमच्या शाखेत असं नुसतं सुचवलं तरी चौकशी लागेल.

आणि उपाय आहे. गुरुजींची नात शेगावला इंजिनिअरिंग शिकते. तिने तो केला. आधी मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. दुरुस्तीसुद्धा नाही, कारण दुरुस्ती म्हणजेही लिहिणंच. डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल घ्यायची. ती नक्कल 'फक्त वाचायची' अशा अटीवर, जर्नलकडे न बघता उघडायची आणि मिळेल ते बाहेर काढायचं. राहिलेल्यासाठी नकलेवरच तपासणीचा प्रोग्रॅम चालवायचा. डिस्क करकरत असेल तर मात्र ती लगेच बंद करून जाणकाराकडे न्यायची.

बहुतेक ओव्या आल्या. ज्यांची नावं हरवली त्या 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात निघाल्या. बँकेत यालाच आम्ही सस्पेन्स खातं म्हणतो. गुरुजींनी एकेक ऐकली आणि आवाजावरून सांगितलं, ही कोणाची आई, ही कोणाची आजी. यंत्राला न सापडलेली नावं कानाला सापडली.

आता तुम्ही म्हणाल, दुकानदाराची बाजूही बघा. बघतो. फॉर्मॅट चुटकीसरशी होतो, पैसे रोख. नक्कल घ्यायला रात्र जाते, आणि त्या रात्रीचे पैसे मोजायला आपण तयार नसतो. तेव्हा अर्धा दोष गिऱ्हाइकाचा. दहा हजारांची डिस्क घेताना हात आखडत नाही, पण दुसरी प्रत ठेवायला सांगितली की आपल्याला काटकसर आठवते.

माझं म्हणणं एवढंच, की "फॉर्मॅट मारू?" याआधी "आत काय आहे?" हा प्रश्न विचारला जावा. फॉर्मॅट म्हणजे तेरवी. ती कधीही उरकता येते. आधी नाडी तर बघा!