तुरीचे शंभर दाणे आणि नदीचा पूर



मध्यंतरी प्रवराकाठच्या एका गावी उसाची पाहणी करायला गेलो होतो. चहा घेताना घरधनी म्हणाले, "साहेब, नदीच्या अंगाला नवं घर बांधतोय. जागा लाल रेषेच्या आत येते म्हणतात. पण तो पूर शंभर वर्षांतून एकदाचा. वडिलांनी पाहिला, आता नातवापर्यंत घोर नाही." त्यांची आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नदीनं काय कॅलेंडर टांगलंय व्हय?"

म्हातारीचे बरोबर होते.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. यातला 'सरासरी' हा शब्द आपण विसरतो.

घरी करून पाहा. मडक्यात पांढऱ्या तुरीचे 99 दाणे आणि तांबड्या तुरीचा 1 दाणा टाका. डोळे मिटून एक दाणा काढा, पाहा आणि परत मडक्यात टाका. हे झाले एक वर्ष. तांबडा निघाला तर पूर आला. तो परत टाकला की पुढच्या वर्षी धोका तेवढाच. काल पूर आला म्हणून आज सवलत मिळत नाही.

आता हिशेब करा. घर 60 वर्षे टिकावे अशी आपली अपेक्षा असते. तेवढ्या काळात लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याचा संभव शंभरात 45 आहे. निळ्या रेषेच्या पुराचा संभव 25 वर्षांतच शंभरात 64 आहे!

शिवाय या रेषा मागच्या नोंदींवरून आखलेल्या असतात. पाऊस त्याहून मोठाही पडू शकतो. आपल्या शिवारात ऊन असले तरी घाटघर-रतनवाडीचा पाऊस प्रवरेला फुगवतो, नाशिककडचा पाऊस कोपरगावी गोदावरीत येतो. ऑगस्ट 2019 चा गोदावरीचा पूर अनेकांना आठवत असेल.

मग नदीकाठ सोडायचा काय? नाही. संभव किती आणि नुकसान काय, हे दोन्ही तोलायचे. ऊस आडवा झाला तर एक हंगाम जातो, मोटार बुडाली तर दुरुस्त होते. झोपलेली लेकरे मात्र परत मिळत नाहीत. म्हणून पीक खाली, घर वर.

पायाची कुदळ मारण्यापूर्वी पूररेषा कोठून जाते याची चौकशी करा. जुन्या पुराचे पाणी कोठवर आले होते ते जाणत्यांना विचारून देवळाच्या भिंतीवर खूण करा. बियाणे आणि सात-बाराचे कागद त्या खुणेच्या वर ठेवा. रात्री जनावरे कोणत्या वाटेने वर न्यायची, तेही पावसाळ्याआधीच ठरवा.

घरधन्यांनी पाया खणायचे तूर्त थांबवले आहे. गावठाणालगत चढावर जागा पाहत आहेत.