शॉकरने दिला शॉक!

आत्ता ऑफिसात बसून हे वाचत असाल तर एक गंमत करा. खुर्चीखालचा तो छोटा खटका वर ओढा. काय झालं? खुर्ची अलगद खाली गेली ना! आता जरा उठा, पुन्हा खटका ओढा. आली वर. ना वायर, ना मोटर. आत एका नळीत दाबून भरलेला गॅस आहे, बस्स. तुमच्या टू बीएचकेमधल्या स्टोरेज बेडखालीही तोच असतो, मॉड्युलर किचनच्या वर उघडणाऱ्या कपाटातही तोच. आणि तुमच्या हॅचबॅकच्या डिक्कीला जे दोन काळे दांडे असतात, तेही तेच. इंग्रजीत गॅस स्ट्रट, काही कंपन्यांच्या पार्ट लिस्टमध्ये बॅलन्सर, आणि आपल्या नागपुरात सरळसोट ‘डिक्कीचा शॉकर’.

या शॉकरने मला या वर्षी असा काही शॉक दिला की विचारू नका!

माझी गाडी सेकंडहँड. अकरा वर्षांची. फ्रीलान्सरला बँक लोन देताना मॅनेजरच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना सेकंडहँड का ते सांगायला नको. तर गेल्या वर्षी एप्रिलमध्ये या गाडीची डिक्की टेकू मागायला लागली. वर केली की दोन सेकंद थांबायची आणि मग सावकाश खाली यायची. आईने यावर तोडगा काढला. माझ्या भावाच्या लहानपणच्या क्रिकेट किटमधला एक स्टंप तिने डिक्कीत ठेवून दिला. डिक्की उघडायची, स्टंप लावायचा, सामान ठेवायचं, स्टंप काढायचा. सोपं! पण मला त्याची लाज वाटायची हो. मॉलच्या पार्किंगमध्ये मागे कुणाची तरी चकाचक एसयूव्ही बटणावर उघडतेय आणि मी स्टंप लावतेय! इमेजचा पार कचरा.

मे महिन्यात एका दुपारी मी मनीषनगरहून निघाले, वर्धा रोड धरला आणि घाट रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करायला गेले. पहिल्याच काउंटरवर प्रश्न आला, ‘ताई, भाऊ नाही आले का सोबत?’ म्हटलं, भाऊ पुण्यात आहे, गाडी माझी आहे, शॉकर दाखवा. त्यांनी दोन जोड्या पुढे ठेवल्या. एक बॉक्समधली, एकोणीसशे रुपये. दुसरी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, साडेचारशे. दिसायला अगदी जुळ्या बहिणी. ‘फरक काय?’ मी विचारलं. ‘फरक काहीच नाही जी, तो कंपनीचा, हा लोकल. काम दोघांचं सारखंच.’

मे महिना, दोन मासिकांकडून पैसे यायचे बाकी आणि गाडीचा इन्शुरन्स तोंडावर. कुठली जोडी घेतली असेल, सांगा बरं!

लावले. डिक्की अशी उडाली वर, की वा! मी आईला म्हटलं, ‘बघ, नवे टाकले. आता तो स्टंप काढ बाई इथून.’ आईने स्टंप काढून गॅलरीत ठेवला. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची आहे.

आमच्या घरी संक्रांतीच्या आधीचा आठवडा म्हणजे कारखाना. आई शाळेतून रिटायर झाल्यापासून तिळाच्या लाडवांच्या ऑर्डरी घेते. या जानेवारीत तिच्याकडे वीस किलोची ऑर्डर होती. संक्रांतीला दोन दिवस होते. सकाळचे सात, गेटवर कडाक्याची थंडी, आणि आम्ही दोघी डबे गाडीत ठेवत होतो. आई वाकून आतला डबा सरकवत होती. काही आवाज नाही, काही इशारा नाही. डिक्की आली खाली. आईने डोकं वाचवायला हात वर केला. डोकं वाचलं. मनगट नाही.

एक्स-रेत बारीकशी चीर निघाली. प्लॅस्टर, सहा आठवडे. उजवा हात.

मेकॅनिक संध्याकाळी आले. त्यांनी शॉकरच्या चकचकीत दांड्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. काळं, तेलकट. ‘हे तेल बाहेर आलं म्हणजे सील गेलं जी. सील गेलं की गॅस गेला.’ मग म्हणाले, ‘उन्हाळ्यात घेतले होते का तुम्ही? शॉकर स्वस्त घेतला का चांगला, हे हिवाळ्यात समजते ताई.’

मला वाटलं, हे उगीच डायलॉग मारताहेत. पण मास कॉममध्ये एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: बातमी दोन ठिकाणांहून तपासा. म्हणून बसले कॅल्क्युलेटर घेऊन. आणि खरंच की हो!

काय आहे, या नळीत नायट्रोजन भरलेला असतो. बंद डब्यातल्या गॅसचा दाब तापमानाबरोबर वाढतो-कमी होतो, हे आपण अकरावीत पाठ केलंय आणि बारावीनंतर विसरलोय. शॉकरवर जो आकडा छापलेला असतो, समजा ४०० एन म्हणजे न्यूटन, तो साधारण २० अंशांना मोजलेला असतो. ४०० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने ४० किलो उचलण्याइतका जोर. नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंशांना तोच शॉकर सुमारे ४३३ न्यूटनने ढकलतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना उरतात ३८६. म्हणजे मे ते जानेवारी, काहीही न बिघडता, जवळपास ११ टक्के जोर गायब! आणि आपलं शहर काय साधं आहे का? मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५. एवढी मोठी उडी घेणाऱ्या गावात शॉकरला वर्षभर काम करायचंय.

चांगला शॉकर बनवणारे हा हिशेब धरूनच जोर ठरवतात. थंडीतही डिक्की पेलेल इतका वाव ठेवतात. माझ्या पिशवीतल्या जोडीवर आकडाच नव्हता. मेमधल्या दुपारी ती जेमतेम पास झाली होती, ३५ मार्क मिळवून. मग आठ महिन्यांत थोडा गॅस गळाला, वर थंडी पडली, आणि नापास झाली. नेमकी आईच्या हातावर.

मग साडेचारशे आणि एकोणीसशेमध्ये फरक कुठे असतो? बाहेरून दिसत नाही तिथे. एक, सील. आतला गॅस धरून ठेवणारी ती रबरी कडी. रबर चांगलं असेल तर वर्षानुवर्षं टिकतं, नाहीतर उन्हाने कडक होतं, तडकतं. दोन, दांडा. तो आरशासारखा गुळगुळीत आणि गंजणार नाही असा हवा. वरचा मुलामा पातळ असला की पावसाळ्यात गंजाचे बारीक ठिपके येतात, आणि तो दांडा दर वेळी सीलमधून आत-बाहेर होताना रबर खरवडतो. सॅंडपेपरच समजा. तीन, आतलं चमचाभर तेल. ते सील ओलं ठेवतं आणि डिक्की शेवटच्या टप्प्यात धाडकन न आपटता हळूच थांबवतं. म्हणूनच शॉकर सहसा जाड नळी वर आणि बारीक दांडा खाली असा बसवतात, तेल सीलपाशी राहावं म्हणून. कोब्लेंझ या जर्मन शहरातली स्टॅबिलस कंपनी १९६२ पासून हे गॅस शॉकर मोठ्या प्रमाणावर बनवतेय. साठ वर्षं उलटली तरी कौशल्य सगळं त्या एका कडीत आणि एका दांड्यातच आहे.

आणि आतला दाब? ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्यातून ४०० न्यूटन जोर काढायचा तर आत सुमारे ८० बार दाब लागतो. म्हणजे ११५० पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये आपण साधारण ३२ भरतो! त्यामुळे जुना शॉकर कापणं, भोक पाडणं, शेकोटीत टाकणं, असले प्रयोग चुकूनही करू नका. मेलेल्या शॉकरमध्येही बराच जीव असतो.

या सगळ्या रिसर्चमध्ये मी दुसऱ्या टोकाची चूकही करणार होते. दुसऱ्या एका दुकानात मला ‘जादा पॉवरवाला’ शॉकर दाखवला गेला. म्हटलं, घ्यावा, एकदाचं टेन्शन संपेल. मेकॅनिक भाऊंनी थांबवलं. जोर गरजेपेक्षा जास्त झाला की डिक्की लावताना जीव जातो, बिजागऱ्यांवर ताण येतो आणि पत्रा वाकतो. सध्या बॉनेटला शॉकर लावून घ्यायची फॅशन आहे, त्यात तर हे हमखास होतं. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकचं बॉनेट साध्या लोखंडी दांड्यावर उभं राहतं. तिथे कुठलाही शॉकर बसवला तर दोन्ही कोपऱ्यांतून तो पत्रा सतत वर ढकलत राहतो. बॉनेट तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेल्या किटने उचलायचं असेल तर उचला, नाहीतर तो दांडा काही वाईट नाही. तो गळत नाही, थंडीत दगा देत नाही, आणि त्याची किंमत शून्य!

म्हणजे स्वस्त ते सगळं वाईट का? मुळीच नाही. माझ्या गाडीतले मॅट स्वस्तातले आहेत, सीटकव्हर फूटपाथवरचं आहे, मोबाइल होल्डर तर विचारूच नका. ते फाटले, तुटले तर फार तर माझी चिडचिड होईल. मी आता स्वतःपुरता एक साधा फंडा केलाय. एखादी वस्तू बिघडली तर काय होईल, हे आधी विचारायचं. ‘पैसे वाया जातील’ असं उत्तर आलं तर बिनधास्त स्वस्त घ्यायची. ‘कुणाला तरी लागेल’ असं आलं तर पैसे साठेपर्यंत थांबायचं.

आणि थांबणं हाच खरा मुद्दा आहे. कारण माझी चूक स्वस्त शॉकर घेतला एवढीच नव्हती. जुने शॉकर कमजोर होते तेव्हा आम्हाला ते माहीत होतं, म्हणून आम्ही जपून होतो. स्टंप होता. डिक्कीवर आमचा विश्वास नव्हता आणि त्यामुळे कुणाला काही झालं नाही. मी ‘नवे टाकले’ म्हणाले आणि आईचा विश्वास बसला. ती आत वाकली ती माझ्या शब्दावर. एकोणीसशे जमेपर्यंत आणखी दोन महिने स्टंप लावला असता तर काय बिघडलं असतं? इमेज!

राहिलेले आठ किलो लाडू मी वळले. आई खुर्चीत, हात गळ्यात, आणि मी कढईसमोर. पाक चटके देत होता आणि ती सूचना. गूळ संपत आला म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा गूळ आणला, तर तिने हातही लावू दिला नाही. ‘चिक्कीचाच गूळ आण. गुळात पैसे वाचवले की लाडू सांगतो.’ मी काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही. पण आम्हा दोघींनाही कळलं, विषय गुळाचा नव्हता.

फेब्रुवारीत पेमेंट आलं. मी आकडा जुळवून, बिल घेऊन, बॉक्समधली जोडी आणली. मेकॅनिक भाऊंनी दहा मिनिटांत बसवली. आईचं प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तिला मुद्दाम गाडीपाशी नेलं, डिक्की उघडून दाखवली. तिने दोनदा वर-खाली करून पाहिली, मान डोलावली. मग गॅलरीत गेली आणि स्टंप घेऊन आली.

‘आई, अगं आता चांगले आहेत हे!’

‘असतील गं,’ ती म्हणाली, ‘पण हाही असू दे.’

स्टंप अजून डिक्कीत आहे. आणि आता मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

शॉकर घेताय? मग एवढं बघाच!

• जुन्या शॉकरवरचा न्यूटनचा आकडा आणि लांबी यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या. आकडा पुसला असेल तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर काढून घ्या.

• ज्या शॉकरवर जोराचा आकडा छापलेलाच नाही, तो परत ठेवा.

• पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. पिशवीतल्या मालावर यातलं काही नसतं.

• बिल मागा. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय, आधी बहुतेक भागांवर २८ होता. ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ या ऑफरमध्ये वॉरंटीही उडते.

• दोन्ही शॉकर एकदमच बदला. एक नवा, एक जुना असला की डिक्की एका बाजूला ओढली जाते.

• दांड्यावर ग्रीस किंवा रंग लावू नका. धूळ चिकटते आणि सील खराब होतं.

• डिक्की सकाळी उघडून बघा, दुपारी नाही. शेवटचा वीतभर टप्पा हाताने ढकलावा लागत असेल किंवा दांडा तेलकट दिसत असेल, तर वेळ झाली समजा. तोवर डिक्कीत एक स्टंप ठेवा!