बुजवलेली भेग आणि अकरा बळी

स्लॅब टाकल्यावर सेंट्रिंग किती दिवसांनी काढायची, हे नाक्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही बिगाऱ्याला विचारा. तो इंजिनिअर नसतो. परंतु सिमेंट धरण्याआधी टेकू काढले तर स्लॅब कोणाच्या डोक्यावर कोसळतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. कारण ते डोके बहुधा त्याचेच असते! हे साधे शहाणपण अब्जावधी डॉलरच्या तेल कंपन्यांच्या दरबारात का चालत नाही, हा आमचा सवाल आहे. हा सवाल सातासमुद्रापलीकडचा वाटेल, पण तो आसामच्या बागजानपर्यंत आणि आपल्या मुंबई हायपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून वाचकांनी तो नीट समजून घ्यावा.

तेलाची विहीर खोदताना पाइपातून जड चिखल खाली सोडतात. बेंटोनाइट माती, बराइटची पूड आणि पाणी किंवा तेल यांचा हा चिखल छिन्नी थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. परंतु हेच वजन खडकाला पेलले नाही तर खडक फाटतो आणि चिखल भेगेत नाहीसा होऊ लागतो. विहिरीतली पातळी उतरते, दाब घटतो आणि दबलेला वायू वर उसळतो. अशी भेग बुजवण्यासाठी आधी अभ्रकाचे तुकडे, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असा माल घट्ट चिखलात कालवून सोडतात. तेवढ्याने भागले नाही तर सिमेंट किंवा सिमेंटसारखे घट्ट होणारे मिश्रण दाबाने भेगेत भरतात. मग थांबायचे, सिमेंट धरू द्यायचे, दाब देऊन तपासायचे आणि त्यानंतरच पुढचे काम हाती घ्यायचे. या सगळ्या शास्त्राचा जीव ‘थांबणे’ आणि ‘तपासणे’ या दोन शब्दांत आहे. आणि नफ्याच्या हिशेबात नेमके हेच दोन शब्द महाग पडतात.

एप्रिल 2010 मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यापलीकडे, मेक्सिकोच्या आखातात, बीपी कंपनीची मॅकोंडो विहीर खोदली जात होती. ‘डीपवॉटर होरायझन’ हा तराफा ट्रान्सओशनचा, सिमेंटचे काम हॅलिबर्टनचे. सुमारे 18,200 फूट खोलीवर खडक फाटला आणि चिखल भेगांत जाऊ लागला. 172 पिंपे घट्ट मिश्रण सोडून भेगा बुजवल्या गेल्या. 20,200 फुटांचा बेत सोडून देऊन विहीर 18,360 फुटांवर थांबवण्यात आली. इथपर्यंतचे काम शहाणपणाचेच होते.

पुढे मात्र भेग पुन्हा फाटेल या धास्तीने सिमेंटच्या प्रत्येक बाबतीत काटछाट झाली. सिमेंट हलके व्हावे म्हणून त्यात नायट्रोजनचा फेस मिसळला, ते थोडेच वापरले आणि हळूहळू सोडले. विहिरीत पाइप मधोमध राहावा म्हणून हॅलिबर्टनच्या गणिताप्रमाणे 21 आधारकड्या हव्या होत्या. वापरल्या फक्त 6! हे फेसाळ सिमेंट टिकत नाही, असे दाखवणारी प्रयोगशाळेची आकडेवारी फेब्रुवारीतच हाती आली होती. परंतु त्यातला धोका ठळकपणे कोणी कोणाला सांगितला नाही. सिमेंट पाइपाभोवती नीट बसले की नाही हे यंत्राने तपासणारी माणसे तराफ्यावर हजर होती. 20 एप्रिलच्या सकाळी त्यांना तपासणी न करताच परत पाठवण्यात आले. त्या तपासणीला सुमारे 1 लाख 28 हजार डॉलर आणि नऊ ते बारा तास लागले असते, असे अमेरिकी संसदेच्या समितीने जून 2010 मध्ये दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट ऐका. भेगा बुजवण्यासाठी कालवलेल्या मिश्रणातून सुमारे 450 पिंपे माल उरला होता. तो किनाऱ्यावर आणला असता तर घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागली असती. ती कटकट आणि खर्च टाळण्यासाठी हाच माल शेवटच्या दाबचाचणीच्या वेळी विहिरीत सोडला गेला. त्याने एक नळी तुंबली असावी आणि चाचणीचे आकडे फसवे झाले असावेत, असे राष्ट्रपतींनी नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदवले आहे. एका नळीवर 1,400 पौंडांचा दाब दिसत होता, दुसरीवर शून्य. तरीही चाचणी ‘यशस्वी’ ठरली. त्याच रात्री स्फोट झाला. 11 कामगार ठार झाले.

काम थांबवण्याचा अधिकार त्या तराफ्यावर कागदोपत्री प्रत्येक कामगाराला होता. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या एका पाहणीत काही कामगारांनी सांगितले होते की, तक्रार केली तर सूड उगवला जाईल अशी भीती वाटते. ज्याची भाकरी हातातून जाईल, त्याच्या हातातल्या कागदी अधिकाराला काय अर्थ?

विहीर 87 दिवस तेल ओकत राहिली. सरकारी अंदाजाने 49 लाख पिंपे. बीपीने 2012 मध्ये मनुष्यवधाचे 11 गुन्हे कबूल केले आणि अब्जावधी डॉलर भरले. हॅलिबर्टनने 2013 मध्ये पुरावे नष्ट केल्याचा गुन्हा कबूल केला. तुरुंगात मात्र एकही माणूस गेला नाही! आणि तेलाने माखलेला कचरा कुठे गेला? पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीचे अभ्यासक रॉबर्ट बुलार्ड यांनी 2010 मध्येच दाखवले की, तो स्वीकारणाऱ्या नऊपैकी पाच कचराभूमी कृष्णवर्णीय व इतर गौरेतर लोक बहुसंख्येने राहतात अशा वस्त्यांत होत्या. घाण कोणाच्या दारात टाकायची याचे हे गणित गावकुसाबाहेर जगलेल्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या देशात या. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात ऑइल इंडियाच्या बागजान येथील 5 क्रमांकाच्या वायूविहिरीचे दुरुस्तीकाम सुरू होते. विहिरीत सिमेंटचे बूच बसवले होते. ते पुरेसे धरले की नाही याची खात्री न करताच वायूचा उद्रेक रोखणारा झडपांचा संच काढला गेला, असे चौकशीत पुढे आले. म्हणजे स्लॅब ओला असतानाच सेंट्रिंग काढली! 27 मे 2020 रोजी वायू उसळला, 9 जूनला आग लागली आणि कंपनीचे दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. हजारो गावकऱ्यांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. मागुरी-मोटापुंग बिलावर जगणाऱ्या मच्छीमारांची रोजीरोटी हिरावली गेली. विहीर पूर्णपणे शांत झाली ती 15 नोव्हेंबरला. मॅकोंडोनंतर दहा वर्षांनी हे घडले, हे विसरता कामा नये.

मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडीच्या खडकात आहे. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे चिखल गळणे आणि तो सिमेंटने थोपवणे हे तिथल्या माणसांना नवे नाही. त्या समुद्रात कंत्राटावर राबणारे हात आपल्याच घरांतले आहेत. म्हणून आमची मागणी साधी आहे. सिमेंटच्या प्रत्येक चाचणीचा निकाल विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगारालाही त्याच्या भाषेत कळला पाहिजे. निकाल येईपर्यंत काम थांबवण्याचा त्याचा हक्क कायद्याने पक्का असला पाहिजे, आणि तो वापरणाऱ्याचे कंत्राट तोडणाऱ्यावर खटला भरला पाहिजे. दंड कंपनीला आणि मरण कामगाराला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

खडकातली भेग सिमेंटने बुजते. हुकूम देणारा आणि जीव देणारा यांच्यामधली भेग बुजवायला कामगारांची संघटित ताकदच लागेल. कामगार बांधवांनो, सिमेंट धरेपर्यंत थांबा असे ठणकावून सांगायला शिका!