चुंबक बरे करतो काय?



आमच्या जरीपटक्याच्या बाजारात एक विक्रेता अधूनमधून चुंबकाचे पट्टे घेऊन बसतो. गुडघ्यासाठी एक, कमरेसाठी एक, रक्तदाबासाठी मनगटावरचा एक. एकदा मी थांबलो, तेव्हा त्याने वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. चुंबकाच्या साहाय्याने शरीरात हव्या त्या जागी औषध सोडता येईल, अशी ती बातमी होती. "बघा सर, तुमचे विज्ञानही आता हेच सांगते!" तो म्हणाला.

बातमी खरी होती. तिच्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चूक होता. तो का चूक, हे तुम्हाला दहावीच्या भौतिकशास्त्रावरूनही ठरवता येईल.

प्रथम बातमीकडे वळू. कर्करोगावरची औषधे रक्तावाटे सर्व शरीरभर पसरतात. डॉक्सोरुबिसिन हे औषध गाठीतील पेशी मारते, पण त्याने केस गळतात आणि हृदयालाही इजा होऊ शकते. मग ते गाठीपाशीच सोडता आले तर? मुंबईच्या आय. आय. टी.तील धीरेंद्र बहादूर, रिंटी बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन संशोधकांसह या दिशेने केलेले काम २०१० साली प्रसिद्ध झाले. मेदद्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत त्यांनी हे औषध आणि लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण एकत्र भरले. असे कण साधारणपणे १० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे असतात.

येथे चुंबकीय क्षेत्र दोन कामे करते. स्थिर चुंबक पिशव्यांना आपल्याकडे ओढतो. नंतर सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलणारे क्षेत्र लावले, की कण तापतात. शरीराच्या ३७ अंश तापमानाला पिशवीचे आवरण घट्ट असते. ४३ अंशांच्या सुमारास ते सैल होते आणि औषध बाहेर पडते. थंडीत गोठलेले खोबरेल तेल उन्हात पातळ होते ना, काहीसे तसेच. म्हणजे पेशी मारण्याचे मुख्य काम औषधाचे. चुंबक त्याला पत्त्यावर पोचवतो आणि दार उघडून देतो.

आता पट्ट्याला तीन प्रश्न विचारू.

पट्टा ओढतो कशाला? विक्रेता म्हणतो, रक्तातील लोहाला. परंतु हिमोग्लोबिनमधील लोह म्हणजे खिळ्यातील लोखंड नव्हे. प्राणवायूयुक्त रक्ताला चुंबक किंचित दूरच लोटतो, हे पॉलिंग व कोरिएल यांनी १९३६ सालीच दाखवले. एम. आर. आय. यंत्रात रुग्ण १.५ टेस्लाच्या क्षेत्रात पडून राहतो, तरी त्याचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही.

पट्ट्याचे क्षेत्र बदलते काय? नाही. मग स्थिर क्षेत्राने काही तापणार कसे?

आणि ते पोचते किती खोल? हे तुम्हीच पाहा. चुंबक आणि टाचणी यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे एकेक तुकडे वाढवत न्या. किती तुकड्यांनंतर टाचणी गळून पडते, ते मोजा. अंतराबरोबर ओढ किती झपाट्याने घटते, हे पाहून तुम्ही चकित व्हाल.

हाच तिसरा प्रश्न खऱ्या संशोधकांनाही छळतो. त्वचेजवळच्या गाठीपाशी कण ओढून आणणे त्यामानाने सोपे. शरीरात खोलवर, वाहत्या रक्तातून ते वेचणे फार कठीण. मुंबईचे ते प्रयोगही प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाले होते. २०१० साली युरोपात मेंदूतील गाठीसाठी चुंबकीय कणांच्या उपचाराला परवानगी मिळाली, पण त्यात कण थेट गाठीत टोचून तापवत. औषध सोडण्याचा भाग त्यात नव्हता. संशोधक या अडचणी उघड मांडतात. पट्टेवाला मात्र एकही अडचण सांगत नाही.

पट्ट्याचे पैसे वाया गेले, तर ते एक वेळ सोसता येईल. पण मनगटाला पट्टा बांधून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणारे एक वृद्ध गृहस्थ मी पाहिले आहेत. तेथे प्रश्न जिवाचा होतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझे सांगणे आहे : सजातीय ध्रुवांचे प्रतिकर्षण शिकवून चुंबकाचा धडा मिटू नका. बाजारातला एखादा पट्टा वर्गात आणा आणि मुलांना त्यावर पुठ्ठे ठेवू द्या. आणि मुलांनो, तोच प्रयोग घरी आजी-आजोबांसमोर करा. टाचणी पडली, की त्यांच्या गोळ्यांची डबी त्यांच्या हाती द्या.