हाताला लागलेला रंग

डिस्क गोल्फ हा अमेरिकेतला खेळ आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती फेकायची आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली गाठायची. एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७० च्या दशकात ही टोपली बनवली आणि १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली. माझा एक भाचा नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये असतो, त्याला या खेळाचं वेड आहे. खेळाचं मला काही कौतुक नाही. सुट्टीच्या दिवशी तो या चकत्या रंगवत बसतो, त्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

कोरी पांढरी चकती विकत आणायची आणि तिच्यावर आपली नक्षी उतरवायची, हा तिकडे हजारो लोकांचा शौक आहे. ब्रशने रंग फासून चालत नाही. हाताला जाणवेल एवढा जाड रंगाचा थर चकतीवर असला तर ती खेळात बाद ठरते, असा नियमच आहे. म्हणून रंग वर बसायला नको, आत मुरायला हवा. त्यासाठी ते वापरतात डिस्पर्स डाय, म्हणजे आपल्या पॉलिएस्टर साड्या ज्या जातीच्या रंगाने रंगतात तोच. हा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, पण ऊब आणि वेळ मिळाला की प्लास्टिकच्या अंगात शिरतो. महागड्या, रबरासारख्या लवचिक प्लास्टिकवर तो छान धरतो, स्वस्तातल्यावर फिका पडतो किंवा पसरतो.

पद्धती पुष्कळ. कुणी चिकटपट्टीसारखा विनाइल कागद चकतीवर लावून त्यावर नक्षी कोरतो, एकेक तुकडा सोलत चकती गरम रंगात बुडवतो. यात सगळ्यात गडद भाग आधी उघडायचा, फिका शेवटी. बाटिक करणाऱ्याला हे उलटं वाटेल, कारण तिथे मेण लावत लावत फिक्याकडून गडदाकडे जातात. कुणी चकती फिरत्या पाटावर ठेवून ॲसिटोनमध्ये कालवलेला रंग सोडतो, की वर्तुळं उमटतात. पाणी फार तापलं तर चकतीच वाकते, मग ती ना खेळायला ना भिंतीवर लावायला.

मला सगळ्यात भावली ती फेसाची पद्धत. ताटात दाढीचा फेस पसरून सपाट करायचा, त्यावर रंगाचे थेंब टाकायचे, काडीने ओढून नक्षी काढायची आणि चकती त्यावर पालथी ठेवून दिवसभर हात लावायचा नाही. भाच्याने व्हिडिओ पाठवला तेव्हा मी त्याला एकच शब्द लिहिला: अबरी.

उर्दू शिकवणाऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही. अब्र म्हणजे ढग. ढगाळ नक्षीचा तो अबरी कागद जुन्या किताबांच्या बांधणीत पाहिलेला असतो. कतीऱ्यासारखा डिंक पाण्यात भिजवून ते दाट करायचं, त्यावर रंग तरंगवायचे, काडीने किंवा फणीने फिरवायचे आणि तुरटी लावलेला कागद अलगद टेकवून उचलायचा. तुर्कस्तानात यालाच एब्रू म्हणतात. २०१४ मध्ये युनेस्कोने ती कला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. आणि आपलं दख्खन यात मागे नव्हतं. सतराव्या शतकात विजापूरच्या चितारांनी अबरीतून अख्खी चित्रं केली. खंगलेला घोडा आणि त्यावरचा तसाच खंगलेला स्वार, असं त्यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सोलापूरहून विजापूर किती लांब? आमच्या किती मुलांनी हे नाव ऐकलंय?

"ये सब फुरसतवालों के चोचले हैं," असं घरात एकाने सुनावलंच. थोडं खरं आहे. एक चांगली चकती पंधरा-वीस डॉलरला मिळते, तीही बिघडवायला. पण भाच्याची वही मी पाहिली आहे. कोणता रंग, किती थेंब, किती तास, चकती कुठली, खोली थंड होती की गरम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फसलेली चकतीही फोटोसकट दुसऱ्यांना दाखवायची. आमच्या शाळांत प्रयोगवही भरतात तेव्हा निष्कर्ष आधी फळ्यावर येतो, प्रयोग जमला तर नंतर. या दोघांतलं विज्ञान कुठलं, हे मला कुणी समजावून सांगावं.

खरी टोचणी वेगळी आहे. तिकडे रंगाने माखलेल्या बोटांचे फोटो लोक हौसेने टाकतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे अब्बा रंगाच्या कारखान्यात कामाला. पालकसभेला ते आले की हात खिशातून काढायचे नाहीत. नखं निळी असायची. कोणता रंग किती तापावर चढतो, पाणी जड असलं की काय होतं, हे त्यांना तोंडपाठ. ते कुठे लिहिलेलं नाही, आणि मुलाला त्यांनी त्यातलं काही शिकवलं नाही, मुद्दामच. रंगरेज आडनाव असलेली मुलं आमच्याकडे आहेत. त्यांना ते निव्वळ आडनाव वाटतं.

त्यात हातमोज्यांची गोष्ट. हौशी माणूस दोन चकत्यांसाठी मोजे घालतो, ॲसिटोन असेल तर खिडक्या उघडतो, रंगाची भांडी स्वयंपाकाला लावत नाही. डिस्पर्स रंगांपैकी काही निळे रंग कातडीला ॲलर्जी करतात, हे वैद्यकात माहीत असलेलं आहे. आणि जो माणूस आयुष्यभर त्याच रंगात हात घालतो त्याचे हात उघडे. शौकाला जी काळजी मिळते ती रोजगाराला का मिळू नये? पोटासाठी केलेलं काम आपण हुनर म्हणून मोजतच नाही, मजुरी म्हणून मोजतो, हे मला त्याचं कारण दिसतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशांकडून काम शिकावं, अशी कल्पना आहे. रंगाऱ्याचं नाव त्यात नाही, पण मनाईही नाही. अमेरिकेतून चकत्या मागवायची गरज नाही. ॲसिटोन मुलांच्या हाती नकोच. ताट, दाढीचा फेस, खाण्याचा रंग आणि जाड कागद एवढ्यावर अबरीचा धडा होतो, शंभर-दोनशे रुपयांत. त्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाच्या अब्बांना बोलवावं, खुर्चीवर बसवावं आणि मुलांनी त्यांना प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्यावीत, उर्दूत किंवा मराठीत. हारतुरे नकोत. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडेल, ती शाळेने द्यावी.